रॅलीची एस्टीम: हायवेवर थंड, स्टेजवर उकळते (फॅन फिरतोय तरी)

यवतेश्वरघाट (सातारा)

नमस्कार मंडळी. रॅलीसाठी तयार केलेली मारुती एस्टीम आहे, १.३ एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं), १६ व्हॉल्व्हचं इंजिन. गाडी तापतेय आणि कारण हाती लागत नाहीये. प्रत्येक गॅरेजात वेगळं उत्तर मिळतंय, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हायवेला काहीच त्रास नाही. साताऱ्याहून कराडला ऐंशी-नव्वदने गेलं तरी तापमानाचा काटा ९० अंशांच्या पुढे सरकत नाही. पण वडूजकडे आमच्या स्वतःच्या माळावर मुरमाचा लूप केलाय, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या वर पळवली की काटा चढायला लागतो. १००, १०४, १०८. थांबून इंजिन बंद केलं की आणखी दोन-तीन अंश वर जातो आणि रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतून भसाभस पाणी बाहेर येतं. गेज नंतर बसवलेलं आहे, आकडेवालं, त्यामुळे अंदाजपंचे बोलत नाहीये.

गाडीत काय काय बदललंय ते सांगतो. एसी काढलाय, म्हणजे कंडेन्सर आणि त्याचा फॅनही गेला. एकच फॅन उरलाय. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, जाड, करून घेतलेला. खाली पूर्ण संप गार्ड (इंजिनाची ऑइलची टाकी दगडांपासून वाचवणारा पत्रा). पुढे चार लाइटचा पॉड. फॅनला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि डॅशवर स्विच. स्विच टाकला की फॅन फिरतो, आवाजही येतो. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) एका मेकॅनिकने काढून ठेवलाय. एक जण हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) म्हणतो, दुसरा वॉटर पंप, तिसरा म्हणतो यापेक्षा मोठा रेडिएटर टाका. सीझन तोंडावर आलाय. कुठून सुरुवात करू?

सहचालक_सांगली

दादा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये निम्मं निदान आहे. गाडी कोणत्या वेगाला तापते हा पहिला प्रश्न, आणि तुम्ही त्याचं उत्तर देऊन बसलाय.

साधारण पन्नास-साठच्या वर वेग गेला की समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते, फॅनची गरज जवळपास संपते. म्हणून हायवेला सलग वेगात तापणारी गाडी असेल तर आधी पाण्याच्या बाजूला बघायचं: रेडिएटर आतून चोंदलाय का, पंप ढकलतोय का, गॅस्केट गेलंय का. उलट हायवेला थंड आणि हळू चालताना किंवा उभ्यावर गरम होणारी गाडी म्हणजे हवेची भानगड. तुमची दुसऱ्या गटातली दिसतेय.

स्टेजवर, म्हणजे रॅलीत घड्याळ लावून पळवायच्या रस्त्यावर, दोन्ही संकटं एकदम येतात. इंजिन पाच-सहा हजारावर, म्हणजे उष्णता पूर्ण, आणि गाडीचा वेग हेअरपिनला वीस-तीस. हायवेवरच्या आकड्यांवरून तिथला अंदाज येत नाही. मी सहचालकाच्या सीटवर बसते, वळणांच्या नोट्स वाचता वाचता एक डोळा गेजवर ठेवायचा हे माझंच काम असतं. काटा नेमका कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे वहीत लिहून ठेवा. सरळ पट्ट्यात दोन अंश जरी उतरत असेल तरी तो पुरावा आहे.

आणि एक विनंती. चाचणी स्वतःच्या माळावर करताय ते उत्तम. साताऱ्यातली काही पोरं यासाठी कास रोड धरतात. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, रस्ता अरुंद, माणसं पायी फिरत असतात. तिथे कुणीही हे करू नये.

कराड_हेडवर्क

मी हेडचीच कामं करतो, त्यामुळे गॅस्केटवाल्यांची शंका आधी निकालात काढू. उगाच हेड उघडू नका. उघडल्यावर गॅस्केट नवं, बोल्ट नवे, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), आणि शेवटी दोष दुसरीकडेच सापडला तर सगळा खर्च पाण्यात.

सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा. गार असतानाच, गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही, तोंडावर वाफ येते. इंजिन चालू करा आणि पाण्याकडे बघा. पहिल्यांदा थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. ॲक्सिलरेटर दिल्यावर एकसारखे, न थांबता बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण वरच्या होज पाइपची. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात पाइप दगडासारखा कडक झाला तर ती वाफ नाही, पाणी अजून तापलेलंच नसतं, तो कॉम्प्रेशनचा दाब आहे. तिसरी, पाणी कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही. ऑइल दुधट झालंय का तेही बघा, पण ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगलं असं होत नाही.

खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून त्यातली हवा द्रवातून ओढतात. गॅस असेल तर निळ्याचा पिवळा होतो. पाच मिनिटांचं काम. कॉम्प्रेशनही मोजून घ्या, शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मधलं गॅस्केट गेलंय.

मात्र ११० ला गाडी चालवत राहू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे, वाकायला वेळ लागत नाही. सरळ पट्टी लावून फीलर गेज घातला आणि ०.०५ मिमीच्या वर फट दिसली की फेसिंगला काढावंच लागतं. आज गॅस्केट चांगलं असेल, पण अशीच तापवत राहिलात तर ते जाणारच.

यवतेश्वरघाट (सातारा)

काका, आज सकाळी बघितलं. झाकण उघडं ठेवून चालू केली, सुरुवातीला थोडे बुडबुडे आले आणि बंद झाले. पाइप मऊ. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं. निळी टेस्ट राधिका रोडच्या बाजूला एकाकडे करून घेतली, रंग निळाच राहिला.

ताई, लूपवर काटा लिहून घेतला. लूपमध्ये एक लांब सरळ आहे, तिथे चौथा गिअर पडतो. तिथे काटा तीन अंशांनी उतरतो. वळणांत परत चढतो.

मिरज_वायरिंग

म्हणजे हवाच. आता माझं ऐका.

"फॅन फिरतोय" हे उत्तर पुरेसं नाही. किती जोरात फिरतोय ते सांगा. डोळ्याला आणि कानाला दहा व्होल्टवरचा फॅन आणि साडेतेरा व्होल्टवरचा फॅन सारखेच वाटतात. वारा सारखा नसतो. मोटरला व्होल्टेज कमी मिळालं की फेरे कमी, आणि फेऱ्यांच्या प्रमाणात वारा कमी.

मल्टिमीटर घ्या. टेस्ट लॅम्प नको, तो अकरा व्होल्टलाही पेटतो. इंजिन चालू, दोन हजारावर धरा, फॅन चालू, रात्री लागतील तेवढे लाइटही चालू. मीटर डीसी व्होल्टवर. आता चार ठिकाणी मोजायचं.

बॅटरीच्या दोन टोकांवर किती येतात ते आधी. मग फॅनच्या कनेक्टरमध्ये मागून पिना घालून फॅनवर किती येतात ते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत सांडलेलं व्होल्टेज. ते कुठे सांडलं ते शोधायला मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर आणि काळी फॅनच्या प्लसवर. हा प्लस बाजूचा ड्रॉप. मग एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी फॅनच्या मायनसवर. हा अर्थ बाजूचा ड्रॉप. एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तिथे काम आहे.

हे सगळं फॅन चालू असताना मोजायचं. फॅन बंद करून ओहमवर मोजू नका. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी ओहमवर शून्य दाखवतो, आणि दहा-बारा अँपिअर ओढायला लागलं की तोच धागा तापतो. अर्ध्या वायरिंगवाल्यांची इथेच फसगत होते.

बेल्टही दाबून बघा. या इंजिनला अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर आहेत. बेल्ट घसरत असेल तर पंप हळू आणि चार्जिंगही कमी, म्हणजे पाणीही मंद आणि फॅनही मंद. एकाच ढिल्या बेल्टने दोन्हीकडून मार बसतो.

पुसेगावकर

थर्मोस्टॅट काढलाय तेच बरं केलं. आमच्याकडे सगळेच काढतात, पाणी मोकळं फिरतं.

वालचंद_मेकॅनिकल

पुसेगावकर दादा, यावर थोडं लिहू का? मी सांगलीला वालचंदमध्ये मेकॅनिकलला आहे.

थर्मोस्टॅट काढल्याने पाणी "फार जोरात पळतं म्हणून गार होत नाही" असंही काही जण सांगतात. तेही खरं नाही. प्रवाह वाढला तर उष्णता जास्तच निघते. खरी अडचण दुसरी आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच गोल फिरतो. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये पंपाचा थोडा दाब राहतो. तो गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे धातू सर्वांत गरम असतो, तिथे वाफेचे खिसे तयार व्हायला वाव मिळतो. आणि एमपीएफआय गाडी थंड राहिली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, इंजिन झिजतं ते वेगळंच.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडलं पाहिजे. उघडत असेल तर परत बसवा, त्यातली छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे हवा निघते.

आता बाटलीतून पाणी बाहेर येण्याबद्दल. तुमचा आकडा मला खटकतोय. झाकण किती दाबाचं आहे आणि आत पाणी आहे की कूलंट?

यवतेश्वरघाट (सातारा)

झाकणावर ०.९ लिहिलंय. आत बोअरचं पाणी आणि थोडंसं कूलंट, टॉप-अप करत करत पातळच झालंय.

मिरजकर काका, मोजलं. बॅटरीवर १३.६. फॅनवर १०.४. प्लस बाजूचा ड्रॉप ०.९ आणि अर्थ बाजूचा २.३. बेल्ट ठीक आहे, घट्ट आहे.

मिरज_वायरिंग

सापडलं! २.३ व्होल्ट अर्थमध्ये. फॅनचा मायनस कुठे जोडलाय? आणि गाडी हल्ली रंगाला गेली होती का?

यवतेश्वरघाट (सातारा)

काका, तुम्हाला कसं कळलं? हो. पावसाळ्यात रोल केजला (आतल्या संरक्षक पाइपांच्या सांगाड्याला) थोडी वेल्डिंग करून घेतली आणि अख्खं शेल मोकळं करून रंगवलं. अर्थ रेडिएटरच्या बाजूला पुढच्या पट्टीवर बोल्टने जोडलाय.

तो बोल्ट आता उघडला. लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) खाली रंग चकचकीत, एक ठिपकासुद्धा पत्रा उघडा नाही. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता. आट्यांवर तपकिरी डाग, आणि लगजवळ वायरचं कव्हर कडक होऊन वाकवलं की तडकतंय. फॅनच्या प्लसचा रिलेही उघडला, आतले पॉइंट काळे.

मिरज_वायरिंग

रॅलीच्या गाडीत हा दोष मी नेहमी बघतो. रंग छान लागतो, जोडणारा नेमाने सगळे बोल्ट परत घट्ट करतो, आणि रंगाच्या थरावर लग बसतो. घट्ट असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. आधीच्या सीझनला गाडी चांगली होती का आणि रंगानंतर तापायला लागली का, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. कोणत्याही बिघाडात मी आधी विचारतो, त्याच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला होता.

करा असं. लगच्या रुंदीएवढा रंग पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा. लग नवा, दाबून आणि वर डाग देऊन. दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग बोल्ट नको. फॅनची अर्थ वायर ४ स्क्वेअर एमएमची, आणि जमलं तर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंतच आणा. बॉडीवर भरवसाच नको. इंजिन ते बॉडी जी पट्टी असते तिचीही दोन्ही टोकं घासा. ती खराब असली तर गेजचा काटाही खोटं बोलतो. लाइट टाकल्याबरोबर तापमानाचा काटा हलला तर समजा अर्थ खराब. तापमान एका सेकंदात बदलत नसतं.

रिले ४० अँपिअरचा नवा टाका. प्लस वायरही ४ स्क्वेअरची, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज. डॅशवरच्या स्विचने फक्त रिलेची कॉइल चालवायची, फॅनचा करंट स्विचमधून न्यायचा नाही. मोटर चालू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढते, त्याने स्विच जळतो.

सहचालक_सांगली

काका, स्विचसोबत थर्मोस्विचही ठेवावा ना? स्टेजच्या गडबडीत चालक फॅन चालू करायला विसरतो.

मिरज_वायरिंग

ताई, दोन्ही ठेवायचे, एकमेकांना समांतर. ९५ च्या आसपास थर्मोस्विच आपोआप लावेल आणि डॅशचा स्विच जबरदस्तीने लावेल. शिवाय एक बंद करायचा मार्गही हवा. ओढा पार करताना फॅन बंदच पाहिजे. फिरत्या पात्यांना पाण्याचा मार बसला की ती पुढे वाकतात आणि रेडिएटरची जाळी खरवडतात.

एक नियमाची गोष्ट. कुणी कुणी फॅन थेट बॅटरीवर घेतात, इंजिन बंद केल्यावरही फिरावा म्हणून. रॅलीच्या गाडीत तो मुख्य कट-ऑफ स्विचच्या मागेच असला पाहिजे. कट-ऑफने सगळे विजेचे मार्ग तोडले पाहिजेत आणि इंजिनही बंद पडलं पाहिजे. स्क्रूटिनीला (रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीत) ते तपासतात, आणि गाडी उलटल्यावर पेट्रोल सांडलेलं असताना एक वायर जिवंत राहणं काय असतं ते सांगायला नको.

यवतेश्वरघाट (सातारा)

अर्थ आणि रिले झाले. आता बॅटरीवर १३.६ आणि फॅनवर १३.१. फॅनचा आवाजच बदलला, समोर हात धरला तर फरक कळतो. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून परत बसवला.

लूपवर नेली. आता १०३ ला अडकतो, त्याच्या वर जात नाही. सुधारणा आहे, पण आमच्याकडे अजून कडक ऊन पडलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये माणदेशात चाळिशीला पारा जातो, तेव्हा हाच १०३ चा ११० होईल. अजून काय राहिलं?

वालचंद_मेकॅनिकल

फॅन जोरात फिरला तरी तो हवा कुठून ओढतो ते बघू. एक वहीचं पान घ्या. गाडी उभी, फॅन चालू, पान पुढून रेडिएटरच्या जाळीवर ठेवून सोडा. मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत. चिकटून राहिलं तर तिथून हवा ओढली जातेय. फॅन काढून परत बसवताना दोन वायर उलट लागल्या असतील तर मोटर उलटी फिरते आणि पान उडून जातं, तीही शंका यात मिटेल.

यवतेश्वरघाट (सातारा)

मध्यभागी पान घट्ट चिकटतं. फॅनच्या वर्तुळाच्या बाहेर नेलं की सरळ खाली पडतं. चारही कोपऱ्यांत तेच. वरच्या बाजूला रेडिएटर आणि पट्टीच्या मध्ये बोटभर फट आहे, तिथे मात्र पान आत खेचलं जातंय!

वालचंद_मेकॅनिकल

म्हणजे फॅनला श्राउड (जाळी आणि फॅन यांना जोडणारं आवरण) नाही. जाड रेडिएटर बसवताना मूळचा श्राउड बसला नसेल आणि फॅन थेट जाळीला टेकवला असेल. अशाने फॅन फक्त स्वतःच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो. जाळीचा उरलेला भाग हायवेवर वाऱ्याने काम करतो आणि हळू चालताना नुसता उभा असतो. म्हणूनच मोठा रेडिएटर टाकूनही तुमचा प्रश्न सुटला नसता, कोपरे आणखी मोठे झाले असते एवढंच.

पत्र्याचा डबा करून घ्या, संपूर्ण जाळी झाकणारा, मध्ये फॅनचं भोक. फॅनची पाती आणि जाळी यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर मिळालं तर हवा सगळीकडून येते. श्राउडमुळे वेगात हवा अडू नये म्हणून कोपऱ्यांत चौकोनी खिडक्या कापून त्यांवर इंजिनाच्या बाजूने रबरी पट्ट्या लटकवतात. गाडी पळाली की वाऱ्याने पट्टी उघडते, उभी राहिली की फॅनच्या ओढीने मिटते.

वरची आणि बाजूंच्या फटी फोमने बुजवा. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणं तिला सोपं.

झाकणाकडे येतो. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे उघडं पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपासच उकळतं. आपण सातशेच्या आसपास धरू. ०.९ चं झाकण दाब पूर्ण धरत असेल तर तुमचं जवळपास निखळ पाणी ११७ च्या आसपास उकळायला हवं. तुमचं ११० ला बाहेर येतंय. हिशेब उलटा केला तर झाकण निम्माच दाब धरतंय असं निघतं, ०.५ च्या आसपास. रेडिएटरवाल्याकडे झाकणाला पंप लावून तपासून घ्या.

यवतेश्वरघाट (सातारा)

झाकण ०.५ ला सोडतंय! रबर कडक झालंय आणि कडेला चीर आहे. नवं घेतलं.

कराड_हेडवर्क

शाब्बास रे पोरा.

बोअरच्या पाण्याबद्दल मला बोलायचंय. खटाव, माण, इकडे जत, आटपाडी, कुठलंही बोअर घ्या, पाणी जड आहे. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो हेडच्या जॅकेटमध्ये बसतो, आणि तिथून तो काढता येत नाही. मी उघडलेल्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूची भोकं निम्मी बुजलेली बघितली आहेत. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, अर्धं-अर्धं. रेसिंगवाले म्हणतात नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, ते खरंही आहे, पण अ‍ॅल्युमिनियम हेड आणि अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला गंजरोधक हवाच. नुसतं पाणी भरायचंच असेल तर गंजरोधक मिसळून, आणि सीझन संपला की बदलून.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, पाणी खाली जाईल तसं भरत राहा. हवा आत राहिली तर सेन्सर वाफेत बसतो आणि काटा भलतंच दाखवतो.

सहचालक_सांगली

हवा आत येण्याचं बोलून झालं, बाहेर कशी जाते त्याचं कुणी बोललं नाही. जाळीतून आत आलेली गरम हवा इंजिनखालून बाहेर पडते. पूर्ण संप गार्ड बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत सपाट असेल तर तिची वाटच बंद होते. गार्ड काढू नका, एका दगडात संप फुटतो. त्याची मागची कड थोडी खाली सोडा, किंवा ताकदीच्या पट्ट्या सांभाळून मागे तोंड असलेल्या खाचा पाडा. पुढे तोंड असलेल्या खाचा माती आत ओढतात.

आणि तो चार लाइटचा पॉड! दिवसाच्या स्टेजला काढून ठेवा. तुमच्या ग्रिलचा मोठा भाग त्याच्या मागे लपतो.

जाळीतला मुरूम इंजिनाच्या बाजूने पुढे धुवायचा, साध्या नळाच्या धारेने. वॉशिंगच्या प्रेशर गनने जाळीचे पातळ पापुद्रे झोपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. सर्व्हिस पार्कमध्ये (रॅलीतल्या दुरुस्तीच्या जागेत) घाईत हा प्रकार होतो.

स्टेजवर असताना काटा चढलाच तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. आत भट्टी होते, हेल्मेटमध्ये घाम डोळ्यांत उतरतो, पण तो एक छोटा जादा रेडिएटर आहे. गिअर एक वर टाकून आरपीएम खाली आणायचे. स्टेज संपली की लगेच इंजिन बंद करायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर फॅन लावून पाणी फिरू द्यायचं. एकदम बंद केलं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरते आणि तुम्ही लिहिलेला तो दोन-तीन अंशांचा उसळा येतो. टाइम कंट्रोलच्या (वेळेची नोंद होते त्या चौकीच्या) रांगेतही हेच सांभाळायचं.

यवतेश्वरघाट (सातारा)

सगळं झालं, आकडे देतो.

श्राउड पोवई नाक्याजवळच्या पत्र्याच्या कारागिराकडून करून घेतला, कोपऱ्यांत रबरी पट्ट्यांसह. कागदाचं पान आता चारही कोपऱ्यांत चिकटतं. वरची फट फोमने बंद. झाकण नवं, कूलंट अर्धं-अर्धं, नाक चढावर ठेवून भरलं. गार्डची मागची कड खाली सोडली. पॉड काढला.

त्याच लूपवर, भर दुपारी, तेच गिअर आणि तेच आरपीएम. सर्वांत वरचा आकडा ९७. सरळ पट्ट्यात ९२ वर येतो. थांबून मिनिटभर आयडलवर ठेवली तर थर्मोस्विचने फॅन लागून परत बंद झाला. बाटलीतली पातळी जागच्या जागी.

मिरजकर काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज वॉटर पंप विकत घेऊन बसलो असतो. वालचंदवाल्या भावा, साताऱ्याला आलास तर गाडीत बसायला ये.

खटाव_जिप्सी

माझी जिप्सी आहे, तिला विजेचा फॅन नाही, इंजिनवरच फिरतो. चढावर तापते. हे व्होल्टचं गणित मला कसं लावायचं?

मिरज_वायरिंग

तुम्हाला व्होल्टचं गणित लागत नाही, पण पानाची टेस्ट, श्राउड, जाळी आणि झाकण सगळं लागतं. फॅनच्या मध्ये गोल व्हिस्कस कपलिंग असेल तर ते बघा. इंजिन बंद करून, चावी काढून, गाडी पूर्ण तापलेली असताना फॅन हाताने फिरवा, फडकं धरून. गार असताना थोडा सैल फिरला तर चालतं. गरम असताना त्याने हाताला अडवलं पाहिजे. एका टिचकीने दोन-तीन गिरक्या घेत असेल तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. कपलिंगच्या कडेला तेलकट धुळीचा थर दिसतोय का तेही बघा, गळती तिथूनच होते. पाती पुढे-मागे हलत असतील तर बेअरिंगही गेलं, मग गाडी चालवू नका, ते सुटलं तर रेडिएटरमध्येच घुसतं.

खटाव_जिप्सी

आत्ताच बघितलं. गरम असताना मोकळा फिरतोय, कडेला काळा चिकट थर आहे. कपलिंग भरून मिळतं की नवंच घ्यायचं?

मिरज_वायरिंग

नवं घ्या. आणि बसवताना उभं ठेवूनच न्या-आणा, आडवं ठेवलं तर तेल बेअरिंगकडे उतरतं.